सणाची पाळी

समुद्रात तरंगणारी वस्तू काँक्रीटची करायची, असं वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर लुईसने त्या माणसाला आधी सावलीत बसवलं असतं आणि कोकमाचं सरबत पाजलं असतं. ऊन लागलं असणार बिचाऱ्याला! पण दिवस असे फिरले की साठीला टेकलेला लुईस आता स्वतःच ती करत होता आणि भेटेल त्याला पटवूनही देत होता. "लोखंडाची बोट तरंगता, मगे काँक्रीटची कित्याक तरंगूची नाय? आतून पोकळ होयी आणि थेंबभर पाणी आत जावक नको. झाला."

तोंडवलीच्या पुढे, खाडीच्या मुखाशी यार्ड उभं राहिलं होतं. तिथे काँक्रीटचे दहा मजली उंच, पोकळ खांब तयार होत. असे तीन खांब तळाला जोडले की एक तराफा. तराफ्यावर पवनचक्की उभी करायची आणि टगबोटींनी ओढत दूर खोल समुद्रात नेऊन नांगरायची. कंपनीच्या कागदांत त्या खांबांना भारदस्त इंग्रजी नाव होतं. यार्डात मात्र सगळे त्यांना पिंप म्हणत. पिंप नंबर एक, पिंप नंबर दोन.

पिंप बांधायची रीत भल्याभल्यांना घाम फोडणारी. साचा एका जागी थांबतच नाही. जॅक त्याला उचलत राहतात आणि तो तासाला वीतभर वर सरकतो. वरून माल ओतत राहायचा, खालून घट्ट झालेली भिंत बाहेर पडत राहते. यार्डातला माणूस काँक्रीट म्हणत नाही, माल म्हणतो; प्लांटवर तो कालवला जातो आणि पट्ट्यावरून बादलीत पडतो. ओतणं पाच दिवस, अखंड. मध्येच माल थांबला की खालचा थर सुकतो, वरचा त्याला धरत नाही आणि दोघांच्या मध्ये सांधा राहतो. शिळ्या भाकरीला ताजं पीठ चिकटवून बघा, म्हणजे कळेल. जमिनीवरच्या इमारतीत असा सांधा एक वेळ खपून जाईल. समुद्राला तो बरोबर सापडतो.

या कामावर रात्रीचा फोरमन वेगळा, दिवसाचे दोन. सकाळी सहा ते दोन लुईस, दोन ते दहा गुरुदास. गुरुदास तळेऱ्याकडच्या आतल्या गावचा, घरी भात, काजू, आंब्याची चार कलमं. बावीस वर्षं दोघांनी बरोबर काढली होती. पूल, जेटी, पाण्याच्या टाक्या, जिथे एकाला काम मिळालं तिथे दुसऱ्याला बोलावणं गेलंच. साच्यावर उभं राहणाऱ्या फोरमनच्या गळ्यात शिट्टी असते. एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे थांबा. यार्डातली माणसं डोळे मिटून सांगत, ही लुईसची, ही गुरुदासची.

आता कोकणातला माणूस चतुर्थीला घरी जातो. साक्षात यम दारात आला तरी 'पाच दिवसांनी ये' म्हणून त्याला सांगेल आणि पाटावर गणपती मांडायला बसेल. मोठ्या कंपन्यांना हे कुणी सांगत नाही. ओतकाम चालू असताना फोरमनला रजा नाही, हा सगळीकडचा नियम. मग या दोघांनी त्यातून आपली वाट काढली होती. चतुर्थी आली की गुरुदास गळ्यातली शिट्टी काढून लुईसच्या गळ्यात घाली आणि घरी जाई. लुईस दोन्ही पाळ्या ओढी. नाताळला उलट. रजिस्टरात ज्याची पाळी असेल त्याच्याच नावाची सही दुसऱ्याने करायची. बावीस वर्षांत दोघांचाही हात असा बसला होता की खरी सही कुठली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

हे चूक होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. पण चुकीलाही त्यांनी एक नियम लावून घेतला होता. मालवणात एका खानावळीत सुरमईच्या ताटावर तो ठराव झाला होता, आणि तो गुरुदासच्याच तोंडचा होता. "नाव तुझा, काम माझा. पण काय इपरीत घडला तर उठान बोलतलो तो, काम करणारो." कागद नाही, साक्षीदार नाही. इतकी वर्षं त्या ठरावाची गरजच पडली नव्हती.

गरज पडली ती मार्चमध्ये. पिंप नंबर तीन पाण्याने भरून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर बाहेरून एक ओली रेघ उमटली. आडवी, सरळ, कमरेला करगोटा बांधावा तशी. समीक्षा मॅडम खाली उभ्या राहून दुर्बिणीतून बघत होत्या. काम तपासणारी इंजिनिअर ही ओरोसची मुलगी. वय तिशीच्या आत, पण तिच्या नजरेतून सुई सुटायची नाही. ती म्हणाली, "लुईसकाका, हा सांधा आहे. माल थांबल्याशिवाय असं होत नाही."

लुईस क्रेनच्या पाळण्यात बसून वर गेला. हातोडीने भिंत ठोकून बघितली. रेघेच्या खाली टणक आवाज, वर टणक आवाज, रेघेवर मात्र बद्द. त्याने फीत लावली. एकोणीस मीटर. तासाला वीतभर, म्हणजे दिवसाला सहा मीटर. एकोणीस म्हणजे तीन दिवस आणि चार तास. ओतकाम सुरू झालं बावीस डिसेंबरला सकाळी आठला.

पंचवीस डिसेंबर, दुपारी बारा.

त्या वेळी लुईस आपल्या घरी, चर्चमधून मिस्सा आटपून आलेल्या पाहुण्यांच्या पेल्यांत वाइन ओतत होता. त्याला आधी हायसं वाटलं, की आपल्या हातून नाही झालं. मग त्या हायसं वाटण्याची त्याला लाज वाटली. हात आपला नव्हता म्हणजे गुरुदासचा होता.

खाली उतरून त्याने गुरुदासला बाजूला घेतलं. "नाताळाच्या दिवशी माल थांबललो काय रे?"

"नाय. कित्याक थांबतलो?" गुरुदास सळयांच्या भाऱ्याकडे बघत म्हणाला.

लुईसने विश्वास ठेवला. बावीस वर्षांची सवय एका रेघेने जात नाही. सिमेंटमध्ये खोट असेल, खडी ओली असेल, असं मनाशी घोळवत तो घरी गेला. फेलिसिदाद, त्याची बायको, मागच्या दारी बांगडे साफ करत होती. त्याने सहज सांगावं तसं तिला सांगितलं. एकोणीस मीटर, पंचवीस तारीख, दुपार. फेलिसिदादच्या हातातली सुरी थांबली.

"तुमका सांगूक होया होता," ती म्हणाली. "मी सांगूक नाय."

दर नाताळला ती गुरुदाससाठी डबा घेऊन कामावर जात असे. आपल्या नवऱ्याची पाळी ओढणारा माणूस सणाच्या दिवशी कोरडी चपाती खाणार, हे तिला बघवायचं नाही. त्या दिवशी कोंबडीची शागुती, सान्नां, नेवऱ्या आणि दोदोल घेऊन ती गेली होती.

"प्लांटाचो पट्टो तुटललो. सगळी माणसा सावलेक बसलली. मी विचारलंय, तर गुरुदास म्हणालो, 'वयनी, लुईसाक सांगू नको. सणाचा जेवण कडू होतला तेका. मी बघून घेतंय.' माका वाटला, किती बरो माणूस."

"किती वेळ बंद होता?"

"मी गेलंय तेव्हा बंद. डबो खावन झालो, भांडी धुवन मी निघालंय, तेव्हाय बंद."

लुईस ओट्यावर बसला. घरातून यार्डात पोचायला त्याला वीस मिनिटं लागतात. हातातली बाटली खाली ठेवून तो धावला असता. सुकलेला थर खरवडायचा, धुवायचा, त्यावर सिमेंटची पातळ रबडी फिरवायची आणि मगच नवा माल टाकायचा. दोन-तीन तासांचं काम. समीक्षाला बोलावून नोंद केली असती की पिंप वाचलं असतं. गुरुदासने तसं काहीच केलं नव्हतं. पट्टा जोडून झाल्यावर शिळ्यावर ताजा माल ओतून तो मोकळा झाला होता. प्लांट ठेकेदाराचा, त्याच्या वहीत तुटलेल्या पट्ट्याची नोंद सापडली असती तरच नवल.

सकाळी लुईसने त्याला गेटवरच धरलं. या वेळी गुरुदासने नाकारलं नाही.

"तुझ्यासाठीच लपवलंय रे. नोंद केलंय असता तर मॅडम इली असती. लुईस खंय म्हणान विचारल्यान असता. मगे काय सांगतलो होतंय?"

यात तथ्य होतं. लुईसला ते पटलंसुद्धा, हेच तर वाईट. "बरा," तो म्हणाला. "झाला ता झाला. उद्या चौकशी आसा. थंय उठान बोल. मी तुझ्याबरोबर उभो आसंय. जा काय होयत ता दोघांचा."

"बोलतंय," गुरुदास म्हणाला.

लुईसला तेवढा एक शब्द पुरला. रात्री तो गाढ झोपला. फेलिसिदादला मात्र झोप नव्हती.

चौकशी साइट ऑफिसात झाली. टेबलापलीकडे समीक्षा आणि प्रकल्पाचे मोठे साहेब, कौस्तुभ सर. मध्ये रजिस्टर उघडं ठेवलेलं; साच्यावरच्या माणसांना कुणी बोलावलं नव्हतं. पंचवीस डिसेंबर, सकाळची पाळी, खाली लुईसची सही. शेवटचं अक्षर लांब ओढायची त्याची खोडसुद्धा तीत उतरली होती.

"ही सही तुमची?" साहेबांनी विचारलं.

लुईसने गुरुदासकडे बघितलं. गुरुदास उठला. उठला, म्हणजे बोलणार. लुईसचा जीव भांड्यात पडला.

"सर," गुरुदास म्हणाला, "माझी पाळी दोनला सुरू होते. मी आलो तेव्हा काम व्यवस्थित चालू होतं. त्याआधीचं मला काही माहीत नाही."

आणि खाली बसला. घरच्या बोलीत हे सांगायला गेला असता तर कदाचित त्याची जीभ अडखळली असती. ऑफिसच्या स्वच्छ मराठीत ते कसं सुरळीत उतरलं! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापला जातो त्यालाही आधी कळत नाही, नुसती मान गार लागते.

"लुईसकाका, तुम्हाला काही सांगायचंय?" समीक्षाने विचारलं. तिच्या आवाजात शंका होती. खरं सांगायला तिने जणू दार उघडून धरलं होतं.

लुईसने सांगितलं असतं तर अख्खं चर्च साक्षीला आलं असतं. पाद्रीसुद्धा आले असते. पण मग खोट्या सह्यांसाठी दोघांनाही त्याच दिवशी घरी जावं लागलं असतं. खरं बोलायचं तर हे कारण त्याला मागाहून सुचलं. त्या घडीला तो नुसता गुरुदासच्या तोंडाकडे बघत होता. आता बोलेल, आता तरी बोलेल. गुरुदास बोटाने गुडघ्यावरची सिमेंटची वाळलेली खपली काढत होता.

"नाही मॅडम," लुईस म्हणाला. "सही माझीच."

पिंप नंबर तीन बाद झालं. लुईसची शिट्टी गेली. त्याला भिंतींवर पाणी मारायच्या कामावर लावलं. नव्या भिंतीला ओली गोणपाटं गुंडाळायची आणि ती सुकू द्यायची नाहीत, हे काम यार्डात नवशिक्याला देतात. गुरुदास दोन्ही पाळ्यांचा मुख्य फोरमन झाला.

एवढ्यावर भागलं असतं तर लुईसने ते गिळलंही असतं. पण एक मे रोजी यार्डात सोहळा झाला. पिंप नंबर एकमधून थेंबभरही पाणी गळलं नाही, सगळ्या चाचण्यांत ते अव्वल ठरलं, म्हणून त्याच्या फोरमनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. पिंप नंबर एक आदल्या चतुर्थीत ओतलं होतं. पाचही दिवस, दोन्ही पाळ्या, साच्यावर एकटा लुईस उभा होता. पाय सुजून बुटांत मावेनासे झाले होते. पण अर्ध्या पानांवर नाव गुरुदासचं होतं, आणि उरलेल्या अर्ध्या पानांवर ज्याचं नाव होतं त्याला आता व्यासपीठावर बोलावणार कोण?

गुरुदासने नारळ घेतला. शाल घेतली. टाळ्या वाजल्या. मागे पाण्याचा पाइप हातात धरून लुईस उभा होता. गुरुदासने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली, जणू म्हणत होता, तुझ्याच वतीने घेतोय रे. त्या मान हलवण्याचा लुईसला जितका संताप आला, तितका चौकशीच्या दिवशीही आला नव्हता.

मग पावसाळा झाला, आणि पुन्हा चतुर्थी आली.

पिंप नंबर सातचं ओतकाम चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुरू झालं. तारखा मुंबईच्या ऑफिसातून ठरून येत; तिथल्या कॅलेंडरात गणपती असतो, पण घरी जाणारी माणसं नसतात. दुपारी लुईस नळाशी गोणपाटं भिजवत होता. गुरुदास आला. सहा महिन्यांत प्रथमच स्वतःहून आला. गळ्यातली शिट्टी काढून त्याने नळाच्या तोटीला अडकवली.

"पाच दिवस," तो म्हणाला. "नेहमीसारख्या."

लुईस त्याच्याकडे बघतच राहिला. विनंती नाही, संकोच नाही. जसं काही मध्ये काही घडलंच नव्हतं.

"मनात काय ठेवू नको. सही कशी करूची, ता तुका म्हायत आसा," गुरुदास म्हणाला आणि गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान घ्यायचंय म्हणून घाईने निघून गेला. पाऊल हलकं, मन निश्चिंत. लुईस आपला शब्द मोडणार नाही, याची त्याला खात्री होती. ज्याने स्वतःचा शब्द मोडला, त्याला ही खात्री असावी, हे नवल.

लुईसने शिट्टी गळ्यात घातली आणि साच्यावर चढला. खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात पाप आलं. दोन शिट्ट्या. नुसत्या दोन शिट्ट्या वाजवायच्या, तीन तास सावलीत बसायचं आणि वर गुरुदासची सही ठोकायची. पुढच्या मार्चमध्ये अशीच एक ओली रेघ, गुरुदासच्या नावावर. फिट्टंफाट. तासभर हा विचार त्याच्याबरोबर साच्यावर वीतभर वर सरकला. मग नव्या भिंतीवर हात ठेवून त्याने बघितलं. भिंत कोमट होती, घट्ट होत आलेली. हिने त्याचं काय वाकडं केलं होतं? त्याने एक शिट्टी वाजवली आणि जॅक उचलले गेले.

पाळी संपली तेव्हा रजिस्टर समोर आलं. लुईसने पेन उचललं. छापलेल्या गुरुदासच्या नावासमोर आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. शेवटचं अक्षर लांब ओढून.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षा रजिस्टर घेऊनच वर आली. "लुईसकाका, इथे तुमचं नाव कसं?"

"कारण पाळी मी केली. गुरुदास घरी आहे, गणपतीला." आणि मग त्याने सगळं सांगितलं. बावीस वर्षांचे सण, सह्या, तुटलेला पट्टा, डबा. "पिंप नंबर एकवर गुरुदासच्या म्हणून ज्या सह्या आहेत, त्या माझ्या हातच्या. नाताळची माझी म्हणून जी आहे, ती माझी नव्हे. हे मार्चमध्ये सांगायला हवं होतं. माझी वाचा गेली होती."

समीक्षाने रजिस्टर मिटलं. "मला हे वर कळवावं लागेल. गुरुदासकाकांना आजच बोलावणं जाईल. आणि तुमचीही नोकरी राहणार नाही बहुतेक."

"ठाऊक आहे. तेवढं हे पिंप पुरं होऊ द्या."

तिने साच्यावरून चारी बाजूंना नजर फिरवली. माल येत होता, साचा सरकत होता, दुसरा फोरमन नव्हता. "शिट्टी तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली आणि खाली उतरली.

गुरुदास त्याच दुपारी आला. कपाळावर गंध, अंगात नवा सदरा, त्याला कापराचा वास. गणपतीसमोरून उठून आला होता. ऑफिसात त्याला काय विचारलं, तो काय बोलला, हे कुणाला कळलं नाही. पाऊण तासाने तो बाहेर पडला आणि शिडी चढत थेट साच्यावर आला. माणसं बाजूला झाली. लुईसने मनाची तयारी केली होती. शिव्या येतील, पाया पडेल, कदाचित रडून माफी मागेल. माफीची त्याने, कबूल न करता, सहा महिने वाट बघितली होती.

"लुईस," गुरुदास म्हणाला. धापेने त्याचा शब्द फुटत नव्हता. "तू माका दगो दिलंस."

लुईसला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बावीस वर्सा," गुरुदास म्हणाला. "बावीस वर्सांत एका तरी नाताळाक तुझी सही मी चुकवलंय? एका तरी? आणि तू माका चतुर्थीत, देवासमोरसून उठवलंस!"

लुईसने त्याच्या चेहऱ्यात कावा शोधला, निर्लज्जपणा शोधला. नाटक सापडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण गुरुदासचे डोळे खरोखरच भरले होते. मार्चमधलं ते ऑफिस, ती शाल, तो नारळ, यातलं काहीही त्याच्या हिशेबी दगा नव्हताच. दगा म्हणजे सही चुकवणं. एवढंच त्याला कळत होतं आणि तेवढ्यापुरता तो माणूस खरा होता. अशा माणसाबरोबर आपण बावीस वर्षं एका ताटात जेवलो, हे लुईसला त्या दुपारी कळलं, आणि भांडायला जे काही मनात साठवलं होतं ते सगळं ओसरून गेलं.

खालून मालाची बादली वर येत होती. गुरुदास नेमका तिच्या वाटेत उभा होता.

"बाजूक हो," लुईस म्हणाला. "माल येता."

गुरुदास सवयीने दोन पावलं मागे सरकला. लुईसने शिट्टी ओठांना लावली आणि एकदाच वाजवली.